अणू, अग्निबाण आणि परिच्छेद ८३८

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर चढले. तेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल. त्या नोंदीची आठवण म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस ठरवला. योगायोग असा की किरणोत्साराला नाव देणाऱ्या मेरी क्युरीचा जन्मही ७ नोव्हेंबरचाच, १८६७ चा. आणि युरेनियमचा अणू फुटतो म्हणजे नेमके काय घडते, हे उलगडून दाखवणाऱ्यांपैकी लिझे माइट्नर हिचा जन्मदिवसही ७ नोव्हेंबरच, १८७८ चा. वॉर्सा विद्यापीठात बाईमाणसाला प्रवेश नव्हता म्हणून क्युरी पॅरिसला गेली. बर्लिनच्या संस्थेत बाईला पाऊल टाकायला बंदी होती, म्हणून माइट्नरने तळघरातल्या सुतारकामाच्या खोलीत प्रयोग मांडले. आणि आमचा भिवा साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर, वर्गाच्या कोपऱ्यात वेगळा बसला. ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांनीच आतल्यांना शिकवले, असा हा इतिहास आहे.

२०२५ च्या ७ नोव्हेंबरला जावळी तालुक्यातील मेढा येथील कार्यकर्त्यांनी आम्हाला विहारात बोलावले होते. वकील म्हटला की संविधानावर भाषण, हे ठरलेलेच. आम्ही तासभर बोललो. मग प्रश्न सुरू झाले. जात पडताळणीचे प्रकरण अडकले आहे, वतनी जमिनीच्या सातबाऱ्यावर भलत्याचेच नाव लागले आहे, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात बी समरी दाखल झाली आहे. असे प्रश्न आम्हाला नवे नाहीत, उत्तरे तोंडपाठ असतात. एवढ्यात मागच्या रांगेतून बारावी सायन्सची एक मुलगी उभी राहिली.

"जयभीम सर. मला रॉकेटचं इंजिन बनवायचंय. पण आमच्या क्लासचे सर म्हणतात, इस्रोत आणि अणुशक्तीत तुम्हाला रिझर्व्हेशन नसतं, सुप्रीम कोर्टानंच काढून टाकलंय. खरं आहे का?"

विहारात क्षणभर शांतता झाली. आम्ही काहीतरी अर्धेमुर्धे उत्तर दिले. "अगदी तसे नाही, पण थोडे तसे आहे," असे काहीसे. वीस वर्षे कोर्टात उभे राहणाऱ्या माणसाला एका बारावीच्या पोरीने निरुत्तर करावे, ही गोष्ट साताऱ्याच्या एसटीत बसल्यावरही डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. तिच्या आजोबांचे गाव कोयनेच्या शिवसागरात गेले, हे तिच्या वडिलांनी चहा पिताना सांगितले. त्या गोष्टीकडे आम्ही पुढे येतो.

आधी ती जे करू म्हणते ते काय आहे, हे समजून घेऊ. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडला तर हवा मागे सुटते आणि फुगा पुढे पळतो. रॉकेट म्हणजे हेच, फक्त हवेच्या जागी जळते वायू आणि रबराच्या जागी पोलाद. आपल्या एलव्हीएम-३ या सर्वांत मोठ्या रॉकेटच्या दोन्ही बगलांना घन इंधनाची दोन नळकांडी असतात. एकेका नळकांड्यात २०० टनांहून अधिक इंधन, व्यास ३.२ मीटर. हे पोलादी नळकांडे घडवणाऱ्या कारखान्यांपैकी एक आपल्या शेजारी, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला आहे. साखर कारखान्याची यंत्रे करणाऱ्या या गावात रॉकेटच्या मोटारींचे सांगाडे होतात आणि अणुभट्टीचे भागही होतात. म्हणजे अणू आणि अग्निबाण या दोन्ही गोष्टी कुठेतरी परदेशात नाहीत. उसाच्या फडापलीकडे, आयटीआय झालेल्या वेल्डरच्या हाताखाली आहेत. त्या वेल्डमध्ये केसाएवढी फट राहिली तर सगळे आकाशातच फुटते.

घन इंधनापेक्षा अवघड ते द्रवरूप इंधन, आणि त्याहून अवघड क्रायोजेनिक इंजिन. त्यात हायड्रोजन उणे २५३ अंशांवर द्रवरूपात ठेवायचा, ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर, आणि दोहोंना हाताएवढ्या अंतरावर भडकत्या ज्वाळेत सोडायचे. हे इंजिन आपल्याला कसे मिळाले, ही कथा प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने पाठ करावी अशी आहे.

१९९१ साली इस्रोने सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी करार केला. इंजिनही मिळणार होते आणि ते बनवण्याचे तंत्रही. १९९२ मध्ये अमेरिकेने दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले. १९९३ मध्ये रशियाने माघार घेतली. तयार इंजिने देतो म्हणाले, विद्या देणार नाही. साऱ्या देशाला ही गोष्ट झोंबली. वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले, पुढाऱ्यांनी भाषणे केली. मग आपल्या अभियंत्यांनी स्वतः इंजिन करायला घेतले. १५ एप्रिल २०१० चे पहिले उड्डाण फसले. ५ जानेवारी २०१४ ला जीएसएलव्ही-डी५ ने स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. करारापासून मोजली तर बावीसहून अधिक वर्षे लागली.

वाचकहो, या बावीस वर्षांत कोणी असे म्हटले का, की भारताजवळ गुणवत्ताच नव्हती? नाही. सगळे म्हणाले, आम्हाला विद्या नाकारली गेली. संधी मिळाली असती तर दहा वर्षांपूर्वीच करून दाखवले असते. बरोबरच म्हणाले. मग हाच युक्तिवाद मेढ्याची मुलगी करते तेव्हा तो चुकीचा कसा होतो? तयार वस्तू घ्या पण विद्या मागू नका, हे अमेरिकेने भारताला सांगितले तर तो साम्राज्यवाद. हजारो वर्षे हेच वाक्य ज्यांनी आम्हाला ऐकवले, त्यांना आपण काय म्हणायचे?

आता कायद्याकडे. तिच्या शिक्षकाचे विधान अर्धे खोटे आहे आणि अर्धे खरे आहे. खोटे का आहे ते आधी सांगतो.

२३ जून १९७५ रोजी, म्हणजे आणीबाणीच्या दोन दिवस अगोदर, केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने एक कार्यालयीन ज्ञापन काढले. त्याने काही वैज्ञानिक व तांत्रिक पदे अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणातून वगळण्याची मुभा दिली. मात्र तीन अटी एकदम पूर्ण झाल्या पाहिजेत. पद गट 'अ' मधल्या सर्वांत खालच्या पायरीच्या वरचे असावे. सरकारच्या ठरलेल्या व्याख्येप्रमाणे ते वैज्ञानिक किंवा तांत्रिक असावे. आणि ते प्रत्यक्ष संशोधन करण्यासाठी किंवा संशोधनाचे संयोजन, मार्गदर्शन, दिग्दर्शन करण्यासाठी असावे. याचा सरळ अर्थ असा की गट 'अ' ची पहिली पायरी आरक्षणाच्या बाहेर नाही. त्याखालची तंत्रज्ञ, सहायक, कारागीर ही पदे तर नाहीतच नाहीत. इस्रोची वैज्ञानिक/अभियंता भरतीची जाहिरात उघडून पाहा, प्रवर्गनिहाय जागा छापलेल्या असतात. गंमत अशी की त्या पहिल्या पदाच्या श्रेणीचे नावच 'एससी' आहे. आमच्या एका कार्यकर्त्याने ते वाचून सगळी पदे आपल्यालाच राखीव आहेत असे समजून पेढे वाटायची तयारी केली होती! तो इस्रोच्या श्रेणीचा संकेत आहे, अनुसूचित जातीचा नव्हे. एवढा खुलासा करून पुढे जाऊ.

तर दार उघडे आहे. पण पहिल्या पायरीपर्यंतच. आणि इथे शिक्षकाचे अर्धे खरे सुरू होते.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी इंद्रा साहनी खटल्याचा निकाल दिला. मंडल खटला म्हणून आपण तो ओळखतो. पन्नास टक्क्यांची मर्यादा, क्रिमी लेयर, पदोन्नतीतील आरक्षण या तीन गोष्टींसाठी तो सगळ्यांना ठाऊक असतो. पण न्या. जीवन रेड्डी यांनी स्वतःसह चार न्यायमूर्तींतर्फे लिहिलेल्या निकालपत्रात परिच्छेद ८३८ आहे, आणि तो आमच्या सभांतून कोणी वाचून दाखवत नाही. त्यात अशी पदे सांगितली आहेत की जिथे आरक्षण ठेवणे इष्ट ठरणार नाही. संरक्षण दलांतील तांत्रिक पदे, प्राध्यापक व त्यावरची पदे, वैद्यकातील अतिविशेष शाखा, विमानांचे वैमानिक आणि सहवैमानिक. त्याच यादीत संशोधन व विकासाच्या संस्थांतील तांत्रिक पदे येतात, आणि तिथे अणुऊर्जा व अंतराळ या दोन क्षेत्रांचा नाव घेऊन उल्लेख आहे.

साऱ्या भारत सरकारात शेकडो खाती आहेत. त्यांतून नेमकी अणू आणि अग्निबाण या दोन खात्यांची नावे घेतली जातात, यामागची समजूत काय असेल? समजूत अशी की ही फार नाजूक कामे आहेत, इथे फक्त गुणवत्ता हवी. म्हणजे इतर ठिकाणी जे चालते ते इथे चालणार नाही. मंदिराच्या गाभाऱ्यासंबंधी आम्ही हे पूर्वी ऐकले आहे. ओसरीपर्यंत या, सभामंडपात या, गाभाऱ्यात नको.

या परिच्छेदावर वकील म्हणून आमचे आक्षेप आहेत, आणि ते आम्ही कुठल्याही न्यायालयात मांडायला तयार आहोत. त्या खटल्यात प्रश्न होता १३ ऑगस्ट १९९० च्या ज्ञापनाचा, म्हणजे इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्क्यांचा. अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण तिथे वादात नव्हते. जो मुद्दा पुढे नाही त्यावर न्यायालयाने ओघात काढलेला उद्गार आणि न्यायालयाचा निर्णय यांत फरक असतो, हे एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. शिवाय परिच्छेदाची भाषा आदेशाची नाही, सल्ल्याची आहे. यादी केवळ उदाहरणादाखल आहे आणि कोणती पदे वगळायची ते सरकारने विचार करून ठरवावे, असे तिथेच म्हटले आहे. म्हणजे न्यायालयाने कुलूप लावलेले नाही. किल्ली सरकारच्या हातात आहे. "सुप्रीम कोर्टाने काढून टाकले" असे म्हणून जे हात वर करतात ते किल्ली लपवून ठेवतात.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. त्याच निकालपत्रात, त्याच विवेचनात, दोनच पावले आधी न्यायमूर्तींनी असे मान्य केले आहे की निसर्गाने मागासवर्गीयांनाही इतरांइतकीच गुणवत्ता दिली आहे. ती सिद्ध करण्याची संधी तेवढी हवी. हे जर खरे असेल तर अणुभट्टीपाशी येऊन निसर्ग आपला नियम बदलतो काय?

कोणी विचारील, वकीलसाहेब, रॉकेट पडले तर? रॉकेटे पडतातच. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण बंगालच्या उपसागरात पडले. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, तेच रॉकेट यशस्वी झाले. प्रकल्पाचे प्रमुख दोन्ही वेळा तेच होते, रामेश्वरच्या नावाड्याच्या घरात जन्मलेले अब्दुल कलाम. पहिल्या अपयशानंतर त्यांना घरी बसवले असते तर? अपयशाच्या चौकशा होतात तेव्हा झडप गळली, पंप अडकला, असे लिहिले जाते. संधी मिळते, चूक होते, पुन्हा संधी मिळते, अशीच विद्या वाढते. आमच्या मुलाची मात्र पहिली चूक ही त्याच्या जातीची चूक ठरते आणि दुसऱ्याची चूक झडपेची.

इथवर सरकारचे आणि न्यायालयाचे झाले. आता आमचे. चळवळीच्या माणसाने आरसा पाहायला घाबरू नये.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्या वेळी ते मजूरमंत्री म्हणून नुकतेच रुजू झाले होते. त्या निवेदनातला शिक्षणाचा भाग आम्ही मेढ्याहून आल्यावर पुन्हा काढून वाचला. कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणाचा आमच्या समाजाला फारसा उपयोग नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षणच कामास येईल, असे बाबासाहेब तिथे स्पष्ट सांगतात. ते शिक्षण आमच्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून सरकारने दरवर्षी दोन लाख रुपये विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांसाठी आणि एक लाख परदेशी शिक्षणासाठी द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस कायद्याच्या शिक्षणाबद्दल हे लिहितो! आम्ही कायद्याचेच पदवीधर. वाचून मान खाली गेली. त्यांनी जे कमी उपयोगाचे म्हटले ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केले. आमच्या वस्त्यांत वकील भरपूर, शिक्षक, तलाठी, पोलीस, बँकेतले कारकून भरपूर. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला माणूस शोधायचा तर तालुका पालथा घालावा लागतो. जयंतीच्या डीजेला वर्गणी गोळा होते. विहाराला एक दुर्बीण घ्यायची म्हटले तर अध्यक्ष म्हणतात, पुढच्या वर्षी बघू.

आणि हे बाबासाहेब नुसते मागणी करून थांबलेले नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडेच होते. सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. स्वस्त आणि मुबलक विजेखेरीज उद्योग नाहीत आणि उद्योगांखेरीज गरिबाची सुटका नाही, हे त्यांनी १९४३ मध्येच मांडले होते. त्या वेळी अणुवीज जगात कुठेच नव्हती. १९५६ च्या ४ ऑगस्टला तुर्भ्याला अप्सरा ही भारताची, आशियातलीच म्हणा, पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. एकाच वर्षी देशाने दोन दारे उघडली. त्यातले एक सर्वांसाठी होते.

अणूच्या दुनियेतही एक माणूस असा होता की त्याला आपला म्हणावे. मेघनाद साहा. १८९३ चा जन्म, ढाक्याजवळच्या खेड्यातले, दुकानदाराचे पोर, त्या काळी खालचे मानल्या गेलेल्या जातीतले. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्यांना आपल्या पंगतीत जेवू दिले नाही. याच माणसाने १९२० मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान कसे ओळखावे याचे समीकरण दिले. १९५० मध्ये कलकत्त्यात अणुभौतिकीची संस्था उभारली. १९५२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून गेले आणि १९५४ मध्ये तिथे अणुऊर्जेवर चर्चा घडवून आणली. त्यांचा आक्षेप गुप्ततेवर होता. बंद दाराआड मूठभर लोकांत विज्ञान वाढत नाही. विद्यापीठांत, उघड्यावर, पुष्कळ माणसे तयार करून वाढते, हे त्यांचे म्हणणे. सरकारने ते ऐकले नाही. तथागतांच्या धम्माचे एक लक्षण 'एहि पस्सिको' असे सांगितले आहे, या आणि स्वतः पाहा. आपल्या अणू खात्याचे लक्षण नेमके उलटे ठरले.

या बंद दाराची किंमत कोणी मोजली? श्रीहरिकोटा बेटावर यानाडी आदिवासी राहत होते. अवकाशतळासाठी बेट रिकामे झाले. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले तो किनारा मच्छीमारांचा, आणि त्यांचे चर्च हे शास्त्रज्ञांचे पहिले कार्यालय झाले. जादुगुड्याच्या युरेनियम खाणी संथाळ, हो या आदिवासींच्या जमिनीखाली. आपल्या तारापूरला तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि पुनर्वसनासाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मेढ्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. कोयनेच्या पाण्यावर वीज झाली, ती मुंबईला गेली, आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या वाड्यांना बामणोलीच्या बाजूला कित्येक वर्षे रॉकेलच्या चिमण्यांवर काढावी लागली. आमच्या भाषेत रॉकेल आणि रॉकेट यांत एका अक्षराचे अंतर आहे. प्रत्यक्षात ते किती, हे शिवसागराच्या काठावर कळते.

मग आम्ही अणूच्या विरोधात आहोत काय? जैतापूरच्या वेळी हा प्रश्न आम्हाला दोन्ही बाजूंनी विचारला गेला. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटले तर सुमारे २४ हजार युनिट उष्णता देते. ही शक्ती नाकारण्यात शहाणपण नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या मुलखाने सोसला, त्याने "इथे भट्टी बांधणार असाल तर हिशेब दाखवा" असे म्हणणे हाही द्रोह नाही. आमचा मुद्दा तिसराच आहे. हा हिशेब तपासणाऱ्या खोलीत उठवलेल्या गावाचे पोर अभियंता म्हणून बसलेले हवे. ते बाहेर मोर्च्यात असते आणि आत त्याच्याबद्दल निर्णय होतो, हे किती दिवस चालणार?

आणि आता काळही फार उरलेला नाही. आम्ही मेढ्याहून परतलो त्याला दीड महिना झाला नाही तोच, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेने शांती नावाचा नवा कायदा संमत केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुअपघात भरपाईचा कायदा दोन्ही त्याने मोडीत काढले आणि अणुवीज केंद्रे खासगी कंपन्यांना खुली केली. अंतराळाचे दार त्याआधीच, २०२० पासून उघडले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका खासगी कंपनीचे पहिले रॉकेट श्रीहरिकोट्याहूनच उडाले. तळ जनतेचा, विद्या जनतेच्या पैशावर साठ वर्षे जमवलेली, आणि नोकरी मात्र खासगी. तिथे कलम १६(४) लागू नाही. गट 'अ' ची पहिली पायरी आमची आहे असे आम्ही आत्ताच वर लिहिले. पण पायरीच दुसऱ्याच्या वाड्यात हलवली तर?

अमेरिकेचे उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्यावे. तिथे कॅथरीन जॉन्सन या काळ्या गणितज्ञ बाईने अंतराळवीरांच्या मार्गाची गणिते केली. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन यंत्राच्या आकड्यांवर विसंबेना, तेव्हा त्याने तिच्याकडून ते तपासून घेतले. तिच्या पिढीतल्या काळ्या स्त्रियांनी वेगळ्या टेबलावर बसून ते काम सुरू केले होते. पण पुढचा भाग आपण सांगत नाही. मार्च १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जो आदेश काढला तो सरकारी कंत्राटे घेणाऱ्या खासगी कंपन्यांना लागू होता. सरकारचा पैसा घेता, तर वंश न पाहता माणसे घ्या आणि त्यासाठी प्रत्यक्ष पावले उचला, असा तो आदेश. रॉकेटे आणि विमाने करणाऱ्या कंपन्या त्यातच आल्या. १९६५ मध्ये त्याची जागा घेणारा अधिक कडक आदेश निघाला आणि तो जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रद्द करेपर्यंत साठ वर्षे टिकला. आपल्याकडे अणू आणि अंतराळाची कंत्राटे घेणाऱ्यांना अशी एक ओळ तरी लिहून द्यावी लागते काय? ही मागणी आमच्या कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात आहे, हे गटातटांनी आपापले पाहावे.

त्या मुलीला आम्ही पत्र लिहिले. तिरुवनंतपुरमला २००७ पासून अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञानाची सरकारी संस्था आहे. जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश, राखीव जागा आहेत. ते जमले नाही तर सांगलीचे वालचंद कॉलेज आहे, कराडचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यंत्र अभियांत्रिकी करून इस्रोची परीक्षा देता येते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. चंद्रयान-३ च्या प्रणोदन भागात त्याच केंद्राने केलेले एकेक वॅटचे दोन अणू-उष्णक बसवले होते, तेव्हा तिला अणू आणि अग्निबाण यांत निवड करायची गरज नाही, हेही लिहिले. तिचे उत्तर आले. आमच्या पत्रात द्रव हायड्रोजनचे तापमान उणे १८३ लिहिले होते. "ते ऑक्सिजनचे, सर. हायड्रोजनचे २५३." वर दिलेला आकडा तिच्या दुरुस्तीनंतरचा आहे.

पत्रासोबत आम्ही माहिती अधिकाराच्या अर्जाचे दोन मसुदे पाठवले होते. एक मुंबईच्या अणुऊर्जा विभागाला, एक बंगळूरच्या अंतराळ विभागाला. २३ जून १९७५ च्या ज्ञापनाखाली आजवर कोणकोणती पदे आरक्षणातून वगळली, प्रत्येक वेळी मंजुरी कोणी दिली, आणि गट 'अ' च्या प्रत्येक श्रेणीत अनुसूचित जाती व जमातींचे किती जण आहेत, एवढेच विचारले आहे. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ज्या संस्थांना सूट आहे त्यात डीआरडीओ आहे. हे दोन विभाग नाहीत. कोणत्या पदावर कोणत्या प्रवर्गाचा माणूस बसतो, हे काही भट्टीचे गुपित नव्हे. मेढ्याच्या विहारातील कार्यकर्त्यांनी सह्या केल्या, प्रत्येकी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आणि दोन्ही अर्ज मेढ्याच्या पोस्टातून रजिस्टर केले. पावत्या आमच्याकडे आहेत. तीस दिवसांची मुदत मोजणे सुरू आहे; उत्तर आले की याच स्तंभात छापू, आणि नाही आले तर पहिल्या अपिलाचा मसुदा छापू.